बहुस्तरीय बीओएममधून सुट्या भागांची एकूण संख्या काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा कूलरची विक्री सुरू असते. त्याचे पत्रे मात्र हिवाळ्यातच कापायला घेतात, आणि बोल्ट, मोटर, पंप, वूड वूल (पॅडमध्ये भरायचा लाकडाचा बारीक भुसभुशीत कीस) यांची खरेदीची यादी त्याच्याही आधी बीओएमवरून निघते. बीओएम (बिल ऑफ मटेरियल) म्हणजे एक वस्तू बनवायला कोणते भाग किती लागतात याचा तक्ता; भागांच्या आत पुन्हा भाग असतील तर तो बहुस्तरीय. खरेदीची यादी चुकली तर उणीव एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, असेंब्ली लाइनवर दिसते. म्हणून या पानावरची सगळी उदाहरणे एकाच डेझर्ट कूलरची घेतली आहेत. आकडे हिशेब समजावा म्हणून निवडलेले आहेत, तुमच्या मॉडेलचे वेगळे असतील. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत तुम्ही ट्रॉली, पॅनेल किंवा कन्व्हेअर बनवत असाल तरी रीत हीच राहते.

उदाहरणातल्या कूलरची रचना कशी आहे?

पातळी ० म्हणजे तयार कूलर. त्याच्याखाली पातळी १ वर चार असेंब्ली (आधी जोडून घेतलेले भागांचे संच) आणि काही सुटे बोल्ट आहेत.

टाकी असेंब्ली, १ नग: टाकीचा पत्रा १, ड्रेन प्लग १, पाय ४, एम६ बोल्ट ८.
फॅन असेंब्ली, १ नग: मोटर १, पंखा १, एम६ बोल्ट ४, आणि मोटर ब्रॅकेट असेंब्ली १. या ब्रॅकेटच्या आत पट्ट्या २ आणि एम६ बोल्ट ४.
पॅड फ्रेम असेंब्ली, ३ नग: प्रत्येकीत फ्रेमचा पत्रा १, जाळी १, वूड वूल ०.८ किलो, एम६ बोल्ट २.
पंप असेंब्ली, १ नग: पंप १, नळी २.४ मीटर.
शेवटच्या जोडणीत थेट लागणारे एम६ बोल्ट: ६.

एम६ बोल्ट पाच ठिकाणी, तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर आला आहे. पुढे त्याचाच माग काढायचा आहे.

एका कूलरला एम६ बोल्ट किती लागतात?

२८.

टाकीत ८. फॅन असेंब्लीत थेट ४, आणि तिच्या आतल्या ब्रॅकेटमध्ये आणखी ४. पॅड फ्रेममध्ये २, पण फ्रेम ३ आहेत, म्हणून ६. शेवटच्या जोडणीत ६. एकूण ८ + ४ + ४ + ६ + ६ = २८.

बीओएमच्या ओळींतले आकडे नुसते उभे मिळवले तर ८ + ४ + ४ + २ + ६ = २४ येतात. या विषयात सर्वांत जास्त होणारी चूक हीच. फ्रेमच्या ओळीवरचा ३ गुणाकारात यायला हवा होता, तो राहून गेला. एका कूलरमागे फरक ४ बोल्टचा. ४०० कूलरच्या ऑर्डरला ११,२०० ऐवजी ९,६०० बोल्ट मागवले जातात आणि १,६०० कमी पडतात.

नियम एवढाच आहे: तयार मालापासून त्या भागापर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटेवरच्या सगळ्या संख्यांचा आधी गुणाकार करायचा, मग एकाच भागाकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांचे गुणाकार मिळवायचे. हा क्रम उलटला की हिशेब चुकतो.

सॉफ्टवेअर तर हे आपोआप करते ना?

करते, पण तुम्ही योग्य रिपोर्ट उघडला तर. बहुतेक प्रणालींत बीओएम तीन प्रकारे दिसतो. एकस्तरीय रिपोर्ट फक्त लगेच खालची पायरी दाखवतो. पायरीपायरीचा रिपोर्ट सगळ्या पातळ्या उघडून दाखवतो, पण एकच भाग जितक्या ठिकाणी असेल तितक्या ओळींत. एकत्रित रिपोर्टमध्ये प्रत्येक भाग एकदाच येतो आणि समोर एकूण संख्या असते. खरेदीला तिसरा हवा, जोडणीच्या टेबलाला दुसरा.

सॅप या ईआरपी (कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये सीएस११ आणि सीएस१२ हे पातळीनुसार पाहण्याचे स्क्रीन-कोड आहेत, सीएस१३ एकत्रित बेरीज देतो. एखादा भाग कुठे कुठे वापरला आहे हे उलट दिशेने पाहायचे असेल तर सीएस१५. ईआरपीनेक्स्ट या दुसऱ्या ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये वर्क ऑर्डरवर (उत्पादनाच्या आदेशावर) ‘यूज मल्टी-लेव्हल बीओएम’ अशी खूण असते. ती केली की सब-असेंब्ली उघडून थेट कच्चा माल मागितला जातो. ती काढली की पॅड फ्रेम हीच वस्तू म्हणून मागितली जाते आणि तिच्यासाठी वेगळी वर्क ऑर्डर लागते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण फ्रेमची वेगळी वर्क ऑर्डर काढूनही कूलरच्या ऑर्डरवर खूण तशीच ठेवली तर फ्रेमचा माल दोनदा मागितला जातो.

पायरीपायरीच्या रिपोर्टवरची संख्या एका असेंब्लीची असते की पूर्ण कूलरची?

हे आधी तपासाच, कारण दोन्ही प्रकार प्रचलित आहेत. फ्रेमच्या बोल्टच्या ओळीवर २ दिसला तर तो एका फ्रेमचा आकडा आहे, गुणाकार अजून बाकी आहे. ६ दिसला तर गुणाकार होऊन आला आहे. त्या ६ ला पुन्हा ३ ने गुणले की १८ बोल्ट होतात आणि यादी फुगते. ओळखण्याची सोपी खूण अशी: ज्या असेंब्लीची संख्या १ पेक्षा जास्त आहे तिच्या खालची ओळ पाहायची. टाकीच्या ओळीवरून काहीच कळणार नाही, कारण १ ने गुणून आकडा बदलत नाही.

एक्सेलमध्ये ही बेरीज कशी करायची?

लहान कारखान्यांत अजून बीओएम एक्सेलमध्येच असतो आणि त्यात गैर काही नाही, शिस्त मात्र लागते. पातळी, भागाचा कोड, नाव, एकक आणि एका असेंब्लीला लागणारी संख्या, असे पाच स्तंभ ठेवा. ओळी झाडाच्याच क्रमात हव्यात, म्हणजे असेंब्लीची ओळ आधी आणि तिचे भाग लगेच खाली.

त्यापुढे पातळी ०, १, २, ३ असे चार मदतीचे स्तंभ करा. ‘इफ’ सूत्राने प्रत्येक घरात तीन शक्यता लिहायच्या. ओळीची पातळी या स्तंभाएवढीच असेल तर त्या ओळीची संख्या घ्या. ओळीची पातळी याहून खोल असेल तर वरच्या घरातला आकडा जसाच्या तसा खाली आणा. ओळीची पातळी याहून उथळ असेल तर १ लिहा. चारही घरांचा गुणाकार म्हणजे पूर्ण कूलरला लागणारी संख्या. ब्रॅकेटमधल्या बोल्टच्या ओळीवर १, १, १, ४ येईल, गुणाकार ४. फ्रेमच्या बोल्टच्या ओळीवर १, ३, २, १ येईल, गुणाकार ६.

आता बेरीज. त्याआधी कोणत्या ओळी शेवटच्या भागांच्या आहेत आणि कोणत्या असेंब्लीच्या, हे वेगळे करावे लागते. पुढच्या ओळीची पातळी या ओळीपेक्षा खोल असेल तर ही असेंब्ली आहे, नाहीतर शेवटचा भाग. फक्त शेवटच्या भागांवर पिव्हट टेबल (एक्सेलची गटवार बेरीज करणारी सोय) लावा, ओळींत भागाचा कोड आणि बेरजेत गुणाकाराचा स्तंभ. असेंब्ली गाळली नाही तर यादीत ३ फ्रेमही दिसतील आणि त्यांचे पत्रे, जाळ्या व बोल्टही.

या शीटला कधीही ‘सॉर्ट’ लावू नका. ओळींचा क्रम हीच इथे रचना आहे. कोणी सोयीसाठी नावानुसार लावून घेतले की वरच्या घरातून येणारे आकडे परक्या असेंब्लीचे होतात. सूत्र चूक दाखवत नाही, आकडा मात्र चुकलेला असतो. भीती वाटत असेल तर मूळ क्रमाचा एक अनुक्रमांक स्तंभ ठेवा, म्हणजे परत जागेवर आणता येते.

डेटाबेसवर स्वतः क्वेरी लिहायची असेल तर?

यासाठी रिकर्सिव्ह क्वेरी आहे, म्हणजे आपल्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालून एकेक पातळी खाली जाणारी क्वेरी. ती डेटाबेसची भाषा एसक्यूएल हिच्या १९९९ च्या मानकात आली. डेटाबेस सॉफ्टवेअरपैकी एसक्यूलाइटमध्ये ती आवृत्ती ३.८.३ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून, आणि पोस्टग्रेस व एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याच्याही आधीपासून. रचना अशी: पहिल्या भागात तयार कूलर, संख्या १. दुसऱ्या भागात आतापर्यंत मिळालेल्या प्रत्येक ओळीला तिचे भाग जोडायचे आणि वरून आलेली संख्या खालच्या संख्येने गुणायची. शेवटी, बाहेर, भागाच्या कोडनुसार गट करून बेरीज.

तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, दोन भाग ‘युनियन ऑल’ने जोडा, नुसत्या ‘युनियन’ने नको. नुसते ‘युनियन’ सारख्या ओळी काढून टाकते. आपल्या कूलरमध्ये फॅन असेंब्लीत थेट ४ बोल्ट आहेत आणि ब्रॅकेटमध्येही ४. ओळीत फक्त कोड आणि संख्या ठेवली असेल तर या दोन्हींपैकी एक गायब होते. फ्रेमचे गुणून आलेले ६ आणि शेवटच्या जोडणीतले ६ यांचेही तेच होते, आणि उत्तर २८ ऐवजी १८ येते.

दुसरे, संख्येचा प्रकार. मायएसक्यूएल स्तंभाचा प्रकार पहिल्या भागावरून ठरवते. तिथे साधा १ लिहिला तर तो पूर्णांक धरला जातो आणि ०.८ किलोचा हिशेब बिघडतो. सुरुवातीचा १ दशांश प्रकारात, पुरेशी घरे देऊन लिहा.

तिसरे, प्रोग्राममध्ये ‘हा भाग आधी पाहिला आहे, सोडून द्या’ अशी युक्ती लावणे. अंतहीन फेरी टाळण्यासाठी ती लिहिली जाते, पण एकच ब्रॅकेट दोन असेंब्लींत असेल तर दुसऱ्या वेळी तो मोजलाच जात नाही. तपासायची असते फक्त सध्याची वाट, संपूर्ण झाड नव्हे.

अंतहीन फेरी म्हणजे काय, आणि ती येते कुठून?

फ्रेमच्या बीओएममध्ये कूलर, कूलरच्या बीओएममध्ये फ्रेम. असे कोणी मुद्दाम लिहीत नाही. ते येते दुरुस्तीच्या कामातून किंवा जुना बीओएम कॉपी करून नवा बनवताना एक कोड बदलायचा राहिला की. एसक्यूएल सर्व्हर १०० फेऱ्यांनंतर आपणहून थांबते, मायएसक्यूएल १,००० नंतर. त्रुटी दिसली की मर्यादा वाढवण्याच्या फंदात पडू नका. इतक्या खोल पातळ्यांचा कूलर नसतोच. वाटेवरचे कोड एका मजकुरात जोडत न्या आणि नवा कोड त्यात आधीच असेल तर तीच ओळ छापा.

वाया जाणारा माल कसा धरायचा?

इथे सर्वांत जास्त वाद होतात, म्हणून सावकाश पाहू.

४०० कूलरला १,२०० फ्रेम आणि ९६० किलो वूड वूल लागते. वूड वूल भरताना ५ टक्के वाया जाते असे म्हटले, तर ९६० चे ५ टक्के वाढवून १,००८ किलो घ्यायचे की ९६० ला ०.९५ ने भागून १,०१०.५ किलो? ‘आणलेल्या मालातले ५ टक्के वाया जाते’ असे म्हणायचे असेल तर भागाकार बरोबर. ‘वापरलेल्या मालाच्या ५ टक्के जास्त आणावे लागते’ असे असेल तर गुणाकार. ५ टक्क्यांवर फरक अडीच किलोचा, म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही. वाया जाण्याचे प्रमाण २० टक्के असते तर एका रीतीने १,१५२ आणि दुसऱ्या रीतीने १,२०० किलो आले असते. तुमचे सॉफ्टवेअर कोणती रीत वापरते ते १०० नग आणि २० टक्के घालून एकदा बघा. १२० आले तर गुणाकार, १२५ आले तर भागाकार.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. नुकसान प्रत्येक पातळीवर होते आणि ते खाली झिरपते. तयार फ्रेमपैकी ४ टक्के तपासणीत बाद होत असतील तर १,२०० चांगल्या फ्रेमसाठी १,२५० बनवाव्या लागतात. त्या १,२५० मध्ये वूड वूल भरावेच लागते, म्हणजे १,००० किलो. त्यावर वूड वूलचे स्वतःचे ५ टक्के धरले की १,०५२.६ किलो. बाद झालेल्या फ्रेममधले वूड वूल काढून पुन्हा वापरत असाल तर मात्र फ्रेमच्या बादचे ४ टक्के वूड वूलवर लावू नका, फक्त पत्र्यावर लावा.

पावडर कोटिंगसारख्या कामात आणखी एक प्रकार असतो. रंग बदलताना बूथ साफ करावा लागतो आणि त्यात दर बॅचला ठरावीक पावडर जाते, कूलर ५० असोत की ४००. ती संख्या नगाने गुणू नये. बीओएममध्ये ‘ठरावीक प्रमाण’ अशी खूण करण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर ती ओळ ऑर्डरवर हाताने घाला.

अपूर्णांक कधी पूर्ण करायचा?

शेवटी, एकदाच. एका जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या) शीटमधून फ्रेमचे १२ पत्रे निघतात असे धरू. बीओएममध्ये एका फ्रेमला ०.०८ शीट लिहिली तर १,२५० फ्रेमला बरोबर १०० शीट येतात. खरा हिशेब १,२५० भागिले १२, म्हणजे १०४.१७, म्हणून १०५ शीट. दोनच दशांश घरांमुळे ५ शीट कमी. सॉफ्टवेअर परवानगी देत असेल तर बीओएम एका फ्रेमचा न करता १२ फ्रेमचा करा आणि समोर १ शीट लिहा. अपूर्णांकाचा प्रश्नच मिटतो.

नळीचे मात्र उलटे आहे. ४०० कूलरला ९६० मीटर नळी, ३० मीटरचा रोल, म्हणजे ३२ रोल असे गणित सांगते. पण एका रोलमधून २.४ मीटरचे १२ तुकडे निघतात आणि १.२ मीटर उरते, त्याचा तुकडा होत नाही. म्हणून ४०० भागिले १२, म्हणजे ३४ रोल. बीओएम लांबी मोजतो, कापणारा तुकडे मोजतो. पत्रा, पाइप, अँगल, नळी यांची खरेदी एकत्रित रिपोर्टवरून थेट करू नये, मध्ये कापणीचा तक्ता लागतोच.

एककांमुळे काय बिघडते?

स्टोअरमध्ये पत्रा नगावर, बिल किलोवर, बीओएम चौरस मीटरमध्ये. ८ बाय ४ फुटांची ०.६ मिलिमीटर जाडीची शीट साधारण १४ किलो भरते. जाडी ०.८ झाली की तीच सुमारे १८.७ किलो. म्हणून किलो आणि नगाचे गुणोत्तर प्रत्येक जाडीच्या कोडवर वेगळे ठेवा, ‘जीआय शीट’ या एका सर्वसाधारण नावावर नको.

यादीतून हातात असलेला साठा कधी वजा करायचा?

प्रत्येक पातळीवर, वरून खाली येताना. अगदी शेवटी नाही.

वाया जाणारा माल बाजूला ठेवून साधे उदाहरण घेऊ. ४०० कूलरला ११,२०० बोल्ट, स्टोअरमध्ये २,००० सुटे बोल्ट. शेवटी वजा केले तर ९,२०० मागवायचे. पण रॅकवर ३०० तयार फ्रेमही पडून आहेत आणि त्यांत ६०० बोल्ट आधीच बसलेले आहेत. १,२०० ऐवजी ९०० च फ्रेम बनवायच्या असल्याने एकूण गरज १०,६०० होते आणि खरेदी ८,६००. ६०० बोल्टची किंमत फार नसेल, पण हेच वूड वूलला लावा: २४० किलो जास्तीचे येते.

हे बरोबर व्हावे म्हणून एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे मालाची गरज काढणारी संगणकीय पद्धत) प्रत्येक भागाला सर्वांत खालच्या पातळीचा क्रमांक देते. एम६ बोल्ट पातळी १, २ आणि ३ वर येतो, म्हणून त्याचा क्रमांक ३. वरच्या सगळ्या असेंब्लींचा साठा वजा होऊन झाल्याशिवाय बोल्टचा हिशेब सुरूच होत नाही. बीओएम बदलल्यावर हा क्रमांक पुन्हा काढला गेला नाही तर बोल्टचा साठा अर्ध्या गरजेतूनच वजा होतो आणि उरलेली गरज नंतर वेगळ्या ओळीत उगवते. एकाच भागाच्या खरेदीच्या दोन विचित्र सूचना दिसल्या तर आधी हेच तपासा.

मोटर ब्रॅकेट स्टोअरमध्ये कधी जातच नाही. त्याला वेगळी पातळी हवी का?

रेखाचित्रासाठी हवी, साठ्यासाठी नको. अशा असेंब्लीला फँटम (फक्त कागदावरची असेंब्ली) अशी खूण करतात, ओडू या ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘किट’ हा प्रकार आहे. मग सॉफ्टवेअर तिच्यासाठी वेगळी ऑर्डर न काढता तिचे भाग थेट वरच्या असेंब्लीवर मागते. बेरीज तीच राहते, कागद कमी होतात. पण उद्या हेच ब्रॅकेट बाहेरच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचे ठरले तर खूण काढायला विसरू नका. नाहीतर तयार ब्रॅकेटची खरेदी होईल आणि लाइन मात्र पट्ट्या आणि बोल्टच मागत राहील.

अनेक मॉडेलची एकत्र खरेदी करायची असेल तर?

प्रत्येक मॉडेलचा हिशेब वेगळा उघडा आणि कोडवर मिळवा. लहान कूलरला २२ बोल्ट लागत असतील आणि ऑर्डर २५० ची असेल तर ५,५००. मोठ्या ४०० चे ११,२०० मिळून १६,७००. बोल्ट ५०० च्या पेटीत येत असतील तर ३४ पेट्या. पेटीचा हिशेब मॉडेलनुसार वेगळा केला तर २३ आणि ११, तेव्हाही ३४ च येतात, पण हा योगायोग आहे. मॉडेल जितकी जास्त, तितकी अशी वेगवेगळी पूर्ण केलेली यादी फुगत जाते.

कोडवर मिळवायचे म्हणजे कोड एकच हवा. ‘एम६ x १२ बोल्ट’, ‘६ एमएम बोल्ट अर्धा इंच’ आणि ‘षट्कोनी बोल्ट ६’ अशा तीन नावांचे तीन कोड असतील तर कोणतेही सॉफ्टवेअर ते जोडू शकत नाही. बेरजेआधी एक दिवस कोड साफ करण्यात घालवलेला बरा.

हंगामाच्या मध्यात वूड वूलऐवजी हनीकॉम्ब पॅड घ्यायचे ठरले. जुनी ओळ पुसायची का?

पुसू नका. जुन्या ओळीला शेवटची तारीख आणि नव्या ओळीला सुरुवातीची तारीख द्या, मधे मोकळा दिवस नको आणि दोन्ही एकाच दिवशी चालू नकोत. बेरीज कोणत्या तारखेची आहे हे रिपोर्टवर छापून घ्या. ईआरपीनेक्स्टमध्ये सबमिट केलेला बीओएम बदलता येत नाही, नवी आवृत्ती निघते आणि कूलरचा वरचा बीओएम जुन्या फ्रेमकडेच बोट दाखवत राहतो. ‘बीओएम अपडेट टूल’ चालवून ती जोडणी बदलावी लागते. फ्रेमचा बीओएम सुधारूनही वूड वूल मागितले जात असेल तर कारण बहुधा हेच.

आकडा बरोबर आहे हे कसे पडताळायचे?

एक तयार कूलर पूर्ण उघडा आणि बोल्ट एका ट्रेमध्ये मोजा. अर्धा दिवस जातो, पण याला पर्याय नाही. मग एकत्रित रिपोर्टवर संख्या १ घालून तुलना करा. ४०० घालून नको, मोठ्या आकड्यात चूक लपते. त्यानंतर ‘कुठे वापरला’ हा उलटा रिपोर्ट काढा आणि बोल्टच्या पाचही वाटा तिथे आहेत का पाहा.

सगळे जुळते, तरी स्टोअरमध्ये बोल्ट कमी का पडतात?

बहुतेक वेळा बीओएम निर्दोष असतो. बोल्ट वजनावर मोजून दिले जातात आणि वजनकाट्यात वॉशरही असतात. दुरुस्तीला आलेल्या जुन्या कूलरसाठी याच पेटीतून बोल्ट उचलले जातात आणि त्याची इश्यू स्लिप (माल दिल्याची नोंद) निघत नाही. आटे गेलेले बोल्ट लाइनवरच फेकले जातात. उत्पादन पूर्ण झाले की माल आपोआप वजा होणारी पद्धत असेल तर सॉफ्टवेअर प्रत्येक कूलरमागे २८ च वजा करते, प्रत्यक्षात ३० गेले तरी. दर आठवड्याला एकाच भागाची प्रत्यक्ष मोजणी करा, सुरुवात एम६ पासून. फरक दर कूलरमागे साधारण सारखा येत असेल तर तो बीओएममध्ये लिहायचा आहे. कधी २०० तर कधी १,५०० असा उड्या मारत असेल तर शोध स्टोअरच्या खिडकीपाशी घ्यायचा.